व्हिजिटचे अडीचशे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि पुण्यातल्या तुझ्या फ्लॅटच्या भाडेकरूने पाठवलेल्या प्लंबरच्या बिलाचा फोटो, दोन्ही पाहिले. व्हिजिट २५०, मजुरी २५०, स्पिंडल (नळ उघडबंद करणारा आतला भाग) १४०, एकूण ६४०. 'मावशी, एका गळक्या नळाचे एवढे? ही लूट नाही का?' असं विचारलंस. नाही गं, लूट नाही. पुण्यात आमच्याकडे साधारण हाच भाव चालू आहे. रविवारी किंवा रात्री बोलावलं असतं तर आणखी पडले असते.

बिल एकदा परत बघ. वस्तू १४० ची आणि माणसाचे ५००. प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचं. बाकी वेळ कशात गेला? प्लंबर सिंहगड रोडच्या गर्दीतून आला, गेटवर वहीत नाव लिहिलं, नळ उघडला, स्पिंडल काढून पाहिलं. प्रत्येक कंपनीचं स्पिंडल वेगळं, दाते वेगळे, फिरायची दिशा वेगळी. ते पिशवीत असेलच असं नाही. मग जुना तुकडा खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि परत आला. पैसे या ये-जा करण्याचे आहेत. त्यामुळे व्हिजिटवर पन्नास रुपयांची घासाघीस करू नकोस. पन्नास वाचतात, पण पुढच्या वेळी तुझा फोन उचलायला त्याला दुपार होते. तुझ्या हातात आहे ते एवढंच, की तो किती वेळा यावा लागतो.

म्हणून भाडेकरूला सांगून ठेव, प्लंबर बोलावण्याआधी घरभर एक चक्कर मार. बेसिनचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी बंद करायचा छोटा कॉक, घट्ट झालाय का, फ्लश टाकी भरल्यावरही कमोडमध्ये बारीक धार चालू राहते का, जेटच्या नळीला चीर गेली आहे का, सिंकखाली हात लावला तर ओल लागते का. चार बारीक कामं एका फेरीत झाली की व्हिजिट एकदाच लागते, आणि मजुरीही सुट्या कामांची नाही, एकत्र ठरते. फोनवरच दोन गोष्टी विचारायच्या: काम केलं तर व्हिजिट मजुरीतून वजा होते का, आणि सामान कोण आणणार. बरेच जण वजा करतात, पण विचारलं तरच.

सामानाबद्दल माझं मत पक्कं आहे. त्यालाच आणू दे, पण दुकानाची पावती आणि जुन्या भागाचा फोटो मागून घे. दुकानदाराकडून त्याला चार पैसे सुटतात, हे मला माहीत आहे आणि मान्यही आहे. तू बंगळूरहून ऑनलाइन मागवलेला अँगल कॉक बसला नाही तर दुसरी व्हिजिट तुझ्याच माथी. फक्त एक अट घाल: भिंतीतल्या पाइपवर बसणारी वस्तू पितळेचीच हवी. प्लॅस्टिकचा कॉक निम्म्याहून कमी किमतीत येतो, पण दोन-तीन वर्षांत दांडा फिरेनासा होतो, आणि नेमकं पाणी बंद करायची वेळ येते तेव्हा तो हातात येतो.

अँगल कॉक बदलणं हे बिलात किरकोळ दिसणारं काम आहे, पण मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच. तुझी इमारत वीसेक वर्षांची. जुना कॉक आट्यांमध्ये जाम झालेला असतो. जोर लावून पाना फिरवला की कॉकबरोबर भिंतीतला एल्बोही (पाइपचा वळणाचा जोड) फिरतो, त्याला तडा जातो, मग टाइल फोडा, एल्बो बदला, पुन्हा टाइल लावा, आणि त्या रंगाची टाइल आता मिळत नाही. तीनशेचं काम तीन हजारांच्या पुढे जातं. चांगला प्लंबर आधीच सांगतो, 'मॅडम, जाम आहे, तुटलं तर माझी जबाबदारी नाही.' असं सांगणारा माणूस प्रामाणिक समज. न सांगता पाना लावणारा पुन्हा बोलावू नकोस.

ॲपवरून बोलवावं का, असंही विचारलंस. ॲपवर दर आधी दिसतो, पावती मिळते, तू दूर असताना हे सोयीचं आहे. पण दर वेळी माणूस नवा. आपल्या सोसायटीत नेहमी येणाऱ्या प्लंबरला तुझ्या घराची लाइन कुठल्या डक्टमधून (पाइपांच्या उभ्या बोळातून) उतरते, गच्चीवरचा तुझा व्हॉल्व्ह कोणता, हे पाठ असतं. नळ बदलायला कुणीही चालेल. गळती शोधायची असेल तर तोच हवा. आणि त्याचे पैसे काम संपल्याच्या तासाभरात यूपीआयने गेलेच पाहिजेत. मी या एका सवयीवर इतकी वर्षं तीन फ्लॅट सांभाळते आहे.

आता मुख्य प्रश्न: द्यायचे कुणी?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं, दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हे भाडेकरूंसाठी झालं. तुझा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक काळ राहायच्या परवानगीचा आहे, म्हणजे आपलं रोजचं भांडण कराराच्या शब्दांवर ठरतं. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांना दिला, त्याच्या परिशिष्टात तर यादीच आहे: नळ आणि त्याचे वॉशर बदलणं, ड्रेनेज साफ करणं, कमोड, बेसिन, गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे, रंगकाम, गरजेप्रमाणे पाइप बदलणं, वायरिंग मालकाकडे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण वाद कुठे होतात हे त्या यादीवरून कळतं.

मला ती वाटणी सगळी पटत नाही. नळ भाडेकरूच्या माथी मारला की तो काय करतो? खाली बादली ठेवतो. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात, आणि सोसायटीत पाण्याचा टँकर आला की तो खर्च मेंटेनन्समधून मालकांवरच येतो. शिवाय आपल्याकडे उपनगरांत बोअरचं आणि टँकरचं पाणी जड. क्षार साचून स्पिंडल आणि गीझरची कॉइल लवकर जाते. त्यात भाडेकरूचा काय दोष? म्हणून माझा नियम असा: जे झिजून गेलं ते मालकाचं, जे वापरताना तुटलं किंवा तुंबलं ते राहणाऱ्याचं. नहाणीच्या जाळीत केस अडकले, कमोडमध्ये सॅनिटरी पॅड टाकलं, तर तो खर्च त्याचा. खालच्या चेंबरपासूनची मुख्य लाइन तुंबली तर सोसायटीचा. आणि राहायला आल्यापासून पहिला महिना जे बिघडेल ते सगळं आपलं, बिनतक्रार. आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय ते नव्याला कुठून माहीत असणार?

'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी' हे वाक्य बहुतेक करारांत असतं आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो. तुझं किरकोळ आणि त्याचं किरकोळ वेगळं. झीज की तूट हा वादही करारात नको, आकडा घाल. मी लिहिते, एका वेळचा खर्च ५०० पर्यंत असेल तर राहणाऱ्याने करावा. त्यापुढे मालकाला कळवून करावा आणि मालकाने द्यावा. पाणी वाहत असेल तर परवानगीची वाट न पाहता प्लंबर बोलवावा, २,००० पर्यंत मालक बांधील. हे शेवटचं वाक्य तुझ्यासारख्या दूर राहणाऱ्या मालकाला सगळ्यात स्वस्त पडतं.

कारण खरा खर्च तुझ्या घरात नसतोच, तो खालच्यांच्या छतावर असतो. तिथून फोन आला की आधी घाबरू नकोस आणि लगेच टाइल फोडायला परवानगीही देऊ नकोस. भाडेकरू दोन-तीन दिवस गावाला जातो तेव्हा बघायला सांग. घर बंद असतानाही डाग ओलाच राहिला तर बहुधा दाबाखालची, म्हणजे नळांना पाणी आणणारी लाइन गळतेय. वाळला आणि आंघोळी सुरू झाल्यावर परत आला, तर नहाणी ट्रॅपमधून (जाळीखालच्या भांड्यातून) किंवा टाइलच्या सांध्यांतून पाणी उतरतंय. दुसऱ्या प्रकारात आधी सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पक्का मसाला) भरून बघ. तेवढ्यावर थांबलं तर हजारो रुपये वाचले. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने पाहायची. तुझ्या बाथरूममधून जाणारं पाणी तुझं. सेक्रेटरी काहीही म्हणोत, आधी प्लंबरकडून कारण लिहून घे.

गीझरचं एक वेगळं सांगते, कारण ते पैशांचं नाही, जिवाचं आहे. साठवणीच्या गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकतं. तापलेलं पाणी प्रसरण पावतं, ते तिथून बाहेर पडतं. ठिबकू नये म्हणून तिथे बूच मारणारे महाभाग आहेत. तसं करू द्यायचं नाही, कधीच नाही. सतत धार लागली तर व्हॉल्व्ह बदलायचा.

भाडेकरूला चावी देतानाच मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, हे दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवून ठेव. सिंकखाली एका डब्यात टेफ्लॉन टेप, दोन वॉशर, एक कनेक्शन पाइप आणि नळाच्या तोंडाची जाळी ठेव. नळाला धार कमी येते म्हणून बोलावलेल्या कित्येक व्हिजिट नुसती जाळी काढून, क्षार धुऊन वाचल्या असत्या.

कराचं: ही बिलं तुला उत्पन्नातून वेगळी वजा करता येणार नाहीत. भाड्यातून महापालिकेचा भरलेला कर वजा करून जे उरतं, त्याच्या सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीवर शून्य खर्च केलास तरी तेवढीच, लाख केलास तरी तेवढीच. बिलं तरीही जपून ठेव. घर सोडताना डिपॉझिटचा हिशेब होतो तेव्हा त्यांचा उपयोग होतो, फोटोंसकट.

भाडेकरू बदलताना मधले चार दिवस घर रिकामं असतं, तेव्हा प्लंबरला व्हिजिटवर बोलवायचं नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी ठरवायची आणि सगळे कॉक, ट्रॅप, फ्लशचं किट, वेस्ट पाइप एका दमात तपासून घ्यायचे. तेव्हा तू रजा काढून ये, किंवा मला सांग, मी जाऊन उभी राहते.

दिवाळीनंतर तुझा करार संपतोय ना? नवा मसुदा ऑनलाइन नोंदणीला टाकण्याआधी मला पाठव. दुरुस्तीचं कलम एजंटच्या ठरावीक छापातलं असेल, ते आपण बदलून घेऊ. एजंट कुरकुरेल, म्हणेल 'असं कुणी लिहीत नाही.' त्याला म्हणावं, मावशी लिहिते.

तुझी,
मावशी