इन्कॉग्निटोमध्ये बघितलं तरी त्याच वस्तूच्या जाहिराती मागे कशा लागतात?

तुम्ही म्हणता इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या त्या खासगी विंडोत, गुडघ्याचा पट्टा बघितला, विंडो बंद केली, तरी रात्री साध्या ब्राउझरमध्ये आणि वर बायकोच्या फोनवरही पट्टेच पट्टे.

अहो, इन्कॉग्निटो फक्त तुमच्या मशीनवर बसणाऱ्या दुसऱ्या माणसापासून लपवतं. हिस्टरी ठेवत नाही, बंद केलं की कुकीज (साईटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या खुणा) पुसतं, बास. समोरच्या साईटला तुमचा आयपी, म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता, दिसतोच, आणि घरातले सगळे फोन एकाच वायफायवर म्हणजे बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच, मग वहिनींच्या फोनवर जाहिरात गेली यात नवल काय. त्यात त्या विंडोत कुठे लॉगिन केलं असेल तर विषयच मिटला, स्वतःहून नाव सांगून आलात.

लॉगिन नसलं तरी फिंगरप्रिंटिंग आहेच. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन, ग्राफिक्स कार्ड असलं बारीकसारीक गोळा केलं की ब्राउझर गर्दीतही ओळखू येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, त्यातले ८३ टक्क्यांहून जास्त असे निघाले की त्यांच्यासारखा दुसरा नाही!

इन्कॉग्निटोतही माहिती गोळा करतात म्हणून गूगलवर अमेरिकेत २०२० मध्ये खटला झाला, २०२४ मध्ये तडजोडीत अशा अब्जावधी नोंदी पुसायचं त्यांनी कबूल केलं, आणि क्रोममध्ये इन्कॉग्निटो उघडताना दिसणाऱ्या त्या काळ्या पानावरचा मजकूरही बदलला. ते पान आपण कोणी वाचत नाही हा भाग वेगळा.

मी पण नाही वाचलं. आधीच्या ऑफिसात कंपनीच्या लॅपटॉपवर इन्कॉग्निटोत नोकऱ्या शोधायचो आणि एकदा चहाच्या टपरीवर आयटीवाला हळूच म्हणाला, "काय सर, कुठे जमलं का?" कंपनीने लॅपटॉपवर स्वतःचं सर्टिफिकेट (ब्राउझर ज्यावर भरवसा ठेवतो ती डिजिटल ओळख) टाकलेलं असेल तर एचटीटीपीएसच्या, म्हणजे साईटशी होणाऱ्या कुलूपबंद बोलण्याच्या, आतलंही त्यांना वाचता येतं. घरी तसं नाही, इंटरनेटवाल्याला साईट कुठली ते कळतं, आतलं पान नाही.

व्हीपीएनने (तुमचं इंटरनेट मधल्या दुसऱ्या कंपनीमार्फत फिरवणारी सेवा) आयपी बदलतो, पण मग इंटरनेटवाल्याऐवजी व्हीपीएनवाल्यावर भरवसा ठेवायचा, एवढाच फरक. फुकटवालं तर नकोच.

मी काय करतो, असलं काही बघायचं असेल तर वेगळा फायरफॉक्स, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, आणि तिथे लॉगिन कुठेच नाही. जाहिराती बऱ्याच कमी झाल्यात, बंद नाही. पट्टा मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणा, रोख देऊन.