'कशावरून?' असं विचारून बघा

वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेली बरीचशी पत्रं मोठ्या माणसांना वाचायला शिकवण्याबद्दलची होती, म्हणून हा सगळा भाग त्यालाच दिलाय.

प्रश्न : मी संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घेते. सगळ्यांना अक्षरओळख आहे, सावकाश का होईना वाचतात. पण उतारा वाचून झाला की मी विचारते "ह्यातला मुख्य मुद्दा काय?" तर निम्मे जण एकच शब्द सांगतात आणि उरलेले अख्खा उतारा परत वाचून दाखवतात. समजावून समजावून थकले. काय करू?

उत्तर : ताई, दोन्ही उत्तरांतून ते नेमके कुठे अडकलेत ते कळतंय, तेव्हा थकू नका. एक शब्द सांगणाऱ्यांना विषय सापडलाय. समजा उतारा झोपेवरचा आहे, तर 'झोप' हा विषय झाला, मुद्दा नाही झाला. त्यांना फक्त पुढचा प्रश्न विचारायचा, "बरं, झोपेबद्दल लिहिणारा काय म्हणतोय?" उत्तर पूर्ण वाक्यात आलं पाहिजे, क्रियापदासकट, एवढा एकच नियम ठेवा. आणि जे सगळंच वाचून दाखवतात त्यांना वाटतं की छापलेलं सगळंच महत्त्वाचं असतं, त्यातलं काही सोडायचा आपल्याला हक्कच नाही. ही भीती खरी असते आणि ती आधी घालवावी लागते.

मी स्वतः सुरुवात कागदावरून करत नाही. ही माणसं आयुष्यभर ऐकून मुद्दा काढतच आलीयत ना, कुणाशी अर्धा तास फोनवर बोलून झालं की घरातलं कोणीतरी विचारतं "काय म्हणत होते?" आणि ते एका वाक्यात सांगतात, तिथे कुठे अडतं त्यांचं? म्हणून पहिले दोन-तीन दिवस मी नुसतीच बोलते, दोनेक मिनिटं, कशावरही, आणि मग म्हणते की आता समजा कोणी उशिरा आलं तर त्याला एका वाक्यात काय सांगाल. हे जमलं की सांगायचं, बघा, तुम्ही आत्ता जे केलंत त्यालाच मुख्य मुद्दा काढणं म्हणतात, आता हेच कागदावर करायचंय.

मग छोटा उतारा घ्यायचा. माझा नेहमीचा हा :

"रात्रपाळी करणाऱ्यांना दिवसा नीट झोप लागत नाही. उजेडामुळे शरीराला जागं राहायची वेळ आहे असं वाटतं. दिवसा आजूबाजूला आवाजही जास्त असतो. मधेमधे फोन वाजतो. म्हणून काही जण डोळ्यांवर पट्टी बांधून झोपतात."

प्रत्येक वाक्याची वेगळी पट्टी कापायची आणि पट्ट्या टेबलावर उलटसुलट टाकायच्या. मुद्द्याची वाटते ती पट्टी वर ठेवायची आणि तिला विचारायचं "कशावरून?" किंवा "का बरं?" ज्या पट्ट्या उत्तर देतात त्या तिच्याखाली लावायच्या. झोप लागत नाही, का? उजेड असतो. का? आवाज असतो. का? फोन वाजतो. झाल्या की तीन पट्ट्या खाली. आता उलट करून बघा, फोनची पट्टी वर ठेवा आणि विचारा का, तर एकही पट्टी उत्तर देत नाही. चुकीचा मुद्दा निवडला की हे असं लगेच हाताखाली दिसतं, टीचरला "चूक" म्हणावं लागत नाही, आणि मोठ्या माणसाला चारचौघांत चूक म्हणणं मला तरी जड जातं.

डोळ्यांवरच्या पट्टीचं वाक्य मुद्दाम घातलंय. ते "का"चं उत्तर देत नाही, ते "मग काय" सांगतं. इथे वर्गात वाद होतो, होऊ द्या. माझ्या वर्गात एकाने ती कागदाची पट्टी बाजूला काढून ठेवली आणि म्हणाला, ही काढली तरी वरचं खरंच राहतं. ह्याहून चांगली कसोटी मला माहीत नाही, एखादा तपशील काढून बघायचा आणि वरचा मुद्दा कमकुवत होतो का ते पाहायचं.

प्रश्न : आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की पॅरेग्राफचं पहिलं वाक्य म्हणजे मुख्य मुद्दा. मी तसंच शिकवलं. पण आता वर्गातले सगळे न वाचताच पहिलं वाक्य सांगतात आणि बऱ्याचदा चुकतं.

उत्तर : हा नियम सोडून द्या, मनापासून सांगते. 1974 साली रिचर्ड ब्रॅडॉक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने नामांकित नियतकालिकांमधले लेख घेऊन परिच्छेद तपासले, तर मुद्द्याच्या वाक्याने सुरू होणारे परिच्छेद फक्त 13 टक्क्यांच्या आसपास निघाले. शिकवण्यासाठी लिहिलेल्या उताऱ्यांत पहिलं वाक्य चालून जातं, बाहेरच्या लिखाणात नाही, आणि आपली माणसं वाचायला शिकतायत ती बाहेरचंच वाचण्यासाठी ना.

बऱ्याच ठिकाणी तर मुद्द्याचं वाक्य लिहिलेलंच नसतं, ते वाचणाऱ्याने तयार करायचं असतं. 1983 मध्ये अ‍ॅन ब्राऊन आणि जीन डे यांनी सारांश लिहिताना लोक काय काय करतात ते बघितलं : फालतू गाळणं, तेच तेच परत आलेलं गाळणं, यादीला एक नाव देणं, असलेलं मुद्द्याचं वाक्य उचलणं आणि नसेल तर स्वतः बनवणं. ह्यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, कॉलेजची मुलंही तिथे अडखळत होती. म्हणून तिथे घाई करू नका. आधी नुसते शब्द द्या, हातोडी, करवत, पाना, ह्याला काय म्हणाल? अवजारं. मग तीन वाक्यं द्या, ह्या तिघांना मिळून एक वाक्य करा म्हणा. मग वरच्याच उताऱ्यातली पहिली पट्टी लपवा आणि उरलेल्या चारांवरून ती बनवायला लावा. पट्टी उघडली आणि आपलं वाक्य जवळपास तेच निघालं की चेहरे बघण्यासारखे होतात.

प्रश्न : मी स्वतः वर्गात शिकते, वय 52. शब्द वाचता येतात पण शेवटच्या ओळीवर पोचेपर्यंत पहिली विसरलेली असते. माझ्या डोक्यातच काही राहत नाही का?

उत्तर : तुमच्या डोक्यात काही कमी नाही हो. एकेक शब्द जोडून वाचताना सगळं लक्ष शब्दात खर्च होतं, अर्थ धरून ठेवायला उरतच नाही, आणि हे वयामुळे होतं असं नाही, सावकाश वाचणाऱ्या कोणाचंही होतं. तुमच्या शिक्षकांना सांगा की उतारा आधी मोठ्याने वाचून दाखवा, मुद्द्याबद्दल तोंडी बोलून घ्या आणि मग तोच उतारा तुम्ही वाचा. दोन-दोन वाक्यांनी थांबा आणि समासात चार शब्द लिहा, स्वतःच्या बोलीत, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. शेवटी उतारा बंद करून नुसता समास वाचा.

आणि तुम्हाला माहितीतल्या गोष्टीवरचं वाचा. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी शाळेतल्या मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा मजकूर दिला, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली, महत्त्वाचं काय ते निवडण्यातसुद्धा. तुम्ही आयुष्यभर जे काम केलंय त्यावरचा मजकूर मागून घ्या. तिथे तुम्ही पक्क्या वाचकांना मागे टाकाल.

प्रश्न : हायलायटर दिला तर सगळं पान पिवळं करतात.

उत्तर : पहिल्या वाचनात हायलायटर देऊच नका. दुसऱ्या वाचनानंतर द्या, एका पॅरेग्राफला एकच ओळ, आणि तीच का ते शेजारच्याला सांगायचं.

प्रश्न : माझ्या वर्गातले एक काका प्रत्येक उताऱ्यावर स्वतःचा अनुभव सांगतात आणि तोच मुख्य मुद्दा म्हणतात. त्यांना दुखवायचं नाहीये.

उत्तर : माझ्याकडे त्या झोपेच्या उताऱ्यावर असंच झालं होतं. वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेले एक काका ठाम म्हणाले, मुख्य मुद्दा फोन. त्यांच्यासाठी तो होताच, त्यांची झोप फोननेच मोडायची. मोठ्या माणसांचं हे होतं, ज्या ओळीत स्वतःचं आयुष्य दिसतं ती ओळ मोठी होते. अनुभव बाजूला ठेवा असं कधी म्हणू नका, त्याच्याच जोरावर तर ते वाचतायत. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावली, डावीकडे "लिहिणारा म्हणतो", उजवीकडे "मी म्हणतो". मग विचारलं, काका, लिहिणाऱ्याला फोनचंच सांगायचं असतं तर उजेडाची ओळ त्याने कशाला लिहिली असती? ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग डावीकडे लिहिलं, "दिवसा झोप लागत नाही". आणि उजवीकडे, "फोन बंद ठेवायला हवा होता".