एफएनपी झाली, नोकरीही हातात आहे. मग मुलांच्या हॉस्पिटलात आणखी एक वर्ष कशाला?

पत्र, थोडक्यात: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी मोठ्यांच्या वॉर्डात तीन वर्षं आरएन (नोंदणीकृत नर्स) होती, आता मे महिन्यात फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एफएनपी), म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स होईल. तिला लहान मुलांमध्येच काम करायचंय. एका खासगी पीडियाट्रिक क्लिनिकची १,१२,००० डॉलरची ऑफर आहे. दुसरीकडे मुलांच्या एका हॉस्पिटलात बारा महिन्यांची फेलोशिप, म्हणजे देखरेखीखाली काम करत शिकायचं वर्ष मिळतंय, पगार ८०,०००. तिचे बाबा म्हणतात, इतकी वर्षं शिकून झालं, डोक्यावर कर्ज आहे, आता पुन्हा शिकाऊ म्हणून कशाला राबायचं? माझा पुतण्या पेनसिल्व्हेनियात पीए (फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या जोडीने पेशंट तपासणारा) होतोय, तोही अशीच फेलोशिप शोधतोय. दोघांचं काम सारखंच ना, मग सल्लाही एकच का? आणि नाशिकची माझी भाची बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. यांचं बघून तीही विचारायला लागलीय.

ताई, नमस्कार.

आधी सल्ला सांगते, कारणं मागून. मुलीने फेलोशिप घ्यावी असं मला वाटतं. पण सही करण्याआधी एका गोष्टीचा उलगडा झालाच पाहिजे, नाहीतर वर्ष उत्तम जाईल आणि तरीही तिला हवं ते काम मिळणार नाही. पुतण्याचं गणित निराळं आहे.

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत डॉक्टरांची रेसिडेन्सीशिवाय सुटका नाही. नर्स प्रॅक्टिशनर आणि पीए मात्र पदवी, राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचं लायसन्स एवढ्यावर कामाला लागू शकतात. फेलोशिप ऐच्छिक आहे, आणि केलीच पाहिजे असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. पहिलं वर्ष ती कोणाच्या नजरेखाली काढणार, एवढंच ठरवायचं आहे.

नर्स प्रॅक्टिशनर हा पेशा सुरूच मुळी लहान मुलांपासून झाला. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून पहिला अभ्यासक्रम काढला, तो मुलांच्या तपासणीसाठीच. पुढे शाखा फुटल्या. तुमच्या मुलीने घेतलेली फॅमिलीची शाखा तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना कवेत घेते. त्यामुळे क्लिनिकलच्या तासांतला मोठा हिस्सा रक्तदाब-मधुमेहात जातो आणि मुलांच्या वाट्याला थोडे आठवडे येतात. त्यात तिचा आरएनचा अनुभवही मोठ्यांच्या वॉर्डातला.

याने काय बिघडतं, ते एका उदाहरणावरून सांगते. आई म्हणते, बाळ बावीस भरलं. तिथे ते पौंड असतात, म्हणजे दहा किलो. डोस मात्र किलोवर काढायचा. तापाचं ॲसिटामिनोफेन, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर १५० मिलिग्रॅम. घाईत किलोच्या रकान्यात २२ पडलं की तोच डोस ३३० होतो. मोठ्यांच्या वॉर्डात ५०० ची गोळी सगळ्यांना ५०० चीच. तीन वर्षं तिथे काढलेल्या हाताला दर वेळी वजनापाशी थांबायची सवय मुद्दाम लावावी लागते.

तापाचंही तसंच. तीन आठवड्यांच्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट ताप आला, तर ते वरवर कितीही ठणठणीत दिसत असो, रक्त, लघवी, पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायचं आणि दाखल करून घ्यायचं. तेवढाच ताप तीन वर्षांच्या, लसी झालेल्या मुलाला असेल आणि ते खोलीभर पळत असेल, तर बहुतेक वेळा पाणी पाजा, नजर ठेवा, एवढं पुरतं. हिवाळ्यात आरएसव्ही या श्वासाच्या विषाणूची बाळं रांगेने येतात. नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय का, दूध ओढता ओढता बाळ मध्येच दमून थांबतंय का, हे सगळं पुस्तकात चार ओळींत संपतं. ते दिसायला लागण्यासाठी अंगडं वर करून शेकडो बाळं बघावी लागतात, आणि तेव्हा शेजारी ‘हे बाळ आज घरी पाठवू नकोस’ म्हणणारं जाणतं माणूस उभं असावं लागतं. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना बाळाचे श्वास मिनिटभर मोजायला शिकवलं, त्यांच्यावर देखरेख ठेवली आणि त्या बायकांच्या हातून न्यूमोनियाची बाळं वाचली. शिकवणं आणि देखरेख दोन्ही सोबत असलं की काय होतं, ते आपण महाराष्ट्रात बघितलेलं आहे.

आता उलगडा कशाचा करायचा ते. ‘लहान मुलांमध्ये काम’ म्हणजे तिच्या मनात नेमकं काय आहे? लसी, वाढ, दमा, कानदुखी, शाळेतली अडचण? की व्हेंटिलेटरवरची मुलं? तुमच्या पत्रावरून ते कळत नाही, आणि फेलोशिप ओपीडीची आहे की वॉर्ड-आयसीयूची, तेही कळत नाही. २००८ मध्ये तिथल्या नर्सिंग संघटनांनी आणि लायसन्स देणाऱ्या मंडळांनी मिळून एक चौकट आखली. शिक्षण, परीक्षा आणि लायसन्स तिन्ही एकाच गटाला जुळलेली असावीत, असा तिचा आग्रह आहे. एफएनपी ही प्रायमरी केअरची, म्हणजे रोजच्या ओपीडीतल्या उपचारांची शाखा. गंभीर आजारी मुलांसाठी पीडियाट्रिक ॲक्यूट केअरची वेगळी शाखा आहे आणि तिची परीक्षा पीडियाट्रिक नर्सिंग सर्टिफिकेशन बोर्ड घेतं. फेलोशिपच्या प्रमाणपत्राने तिची शाखा बदलत नाही. आयसीयूत वर्षभर झटून काम केलं तरी बाहेर पडताना ती एफएनपीच असेल, आणि उद्या दुसऱ्या हॉस्पिटलाचं क्रेडेन्शियलिंग खातं, म्हणजे पात्रता तपासणारं खातं, तिचा अर्ज नुसत्या शाखेवर परत पाठवू शकेल. काही राज्यं आणि हॉस्पिटलं याबाबत कडक आहेत, काही सैल. सैल जागेच्या भरवशावर पूर्ण करिअर उभं करू नये.

तेव्हा तिला ओपीडीतच राहायचं असेल तर एफएनपी चालते, आणि ही फेलोशिप तिला पक्की करेल. आयसीयूचं वेड असेल तर तिने आधी ॲक्यूट केअरच्या पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेटची, म्हणजे मास्टर्सनंतर दुसरी शाखा जोडणाऱ्या अभ्यासक्रमाची चौकशी करावी. त्यात आधीचे बरेच विषय धरले जातात, मुलांमधले क्लिनिकल तास मात्र नव्याने भरावे लागतात. वय लहान आहे, हे आत्ता केलेलं बरं. चाळिशीत घर-मुलं सांभाळून हे करणाऱ्या बायका मी बघते, त्यांची फार दमछाक होते.

पैशांचं बोलू. फरक ३२,००० डॉलरचा, कर कापून त्याहून कमी. पण तिचं शैक्षणिक कर्ज फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं आहे का? असेल तर २००७ च्या कायद्याने आलेली पब्लिक सर्व्हिस लोन फरगिव्हनेस योजना नीट बघा. ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत पात्र योजनेखाली १२० मासिक हप्ते भरले की उरलेलं फेडरल कर्ज माफ होतं. मुलांची मोठी हॉस्पिटलं बहुतेक ना-नफा असतात, खासगी क्लिनिक या योजनेत बसत नाही. हॉस्पिटल तिला पगारी कर्मचारी म्हणून घेत असेल तर फेलोशिपचे बारा महिनेही त्या १२० मध्ये मोजले जातात, आणि हप्ता उत्पन्नावर ठरत असल्याने पगार कमी तेव्हा हप्ताही कमी. कर्ज मोठं असेल तर नुसत्या ३२,००० वरून हिशेब होत नाही. मात्र कर्जाचे नियम अलीकडे सारखे बदलतायत, म्हणून कर्जाचं खातं सांभाळणाऱ्या कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

क्लिनिकची नोकरी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांना शिकवायची हौस असेल, पहिले तीन-चार महिने दिवसाला आठ-दहाच पेशंट देणार असतील, अडलं की दार ठोठावता येत असेल, तर त्या नोकरीतही ती तयार होईल. दुसऱ्या आठवड्यापासून पंचवीस मुलं आणि डॉक्टर दुसऱ्या गावच्या शाखेत, असं असेल तर जास्त पगार घेऊनही मी तिला तिथे पाठवणार नाही. यात मुलांचा जीव आहे आणि तुमच्या मुलीची रात्रीची झोपही.

पुतण्याकडे येते. पीएचं शिक्षण डॉक्टरांच्या शिक्षणाच्या साच्यातलं. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून आलेल्या चार वैद्यकीय मदतनीसांना घेऊन पहिला वर्ग भरवला, तेव्हापासून ते सर्वसाधारणच राहिलं आहे. साधारण सत्तावीस महिन्यांत सगळी खाती फिरून होतात, बालरोगाला त्यात काही आठवडे. त्याचं लायसन्स वयोगटाला बांधलेलं नसतं. आज मुलांच्या हृदयविभागात, उद्या हाडांच्या विभागात, तो कुठेही जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या मुलीपुढची शाखेची भिंत त्याला नाही, पण त्याच्या पदवीवर ‘मुलं’ असा शब्दही कुठे नाही. जागांच्या जाहिरातीत बालरोगाचा अनुभव मागतात आणि नवख्याला तो मिळत नाही. त्याच्यासाठी फेलोशिपचा मुख्य उपयोग दार उघडण्याचा आहे. पीएंमध्ये ही प्रथा जुनी आहे. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरेत सर्जरीची पीए रेसिडेन्सी १९७१ मध्ये सुरू झाली. पुढे अनुभवाचे तास भरले की एनसीसीपीए ही त्यांची परीक्षा-संस्था बालरोगात जादा पात्रतेचं प्रमाणपत्र देते, त्यालाही हे वर्ष उपयोगी पडेल. अर्ज करताना त्याने एवढंच बघावं की कार्यक्रम नर्स प्रॅक्टिशनर आणि पीए दोघांनाही खुला आहे, कारण काही ठिकाणी फक्त पीडियाट्रिक शाखेच्या नर्स प्रॅक्टिशनरनाच घेतात.

भाचीला सांगा, भारतातल्या पीएच्या पदवीवर अमेरिकेत पीए होता येत नाही. तिथली परीक्षा तिथल्याच मान्यताप्राप्त कॉलेजातून शिकलेल्यांना देता येते. नर्सला वाट आहे, पण लांबची: एनसीएलईएक्स-आरएन ही अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा, जी मुंबईत देता येते, मग तिथे आरएनची नोकरी, मग मास्टर्स. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे. विद्यार्थी व्हिसावर जाऊन मास्टर्स केलं तर नंतर कामाला बारा महिनेच मिळतात, नर्सिंगला त्यात वाढ नाही, आणि फेलोशिप नेमके तेवढेच महिने खाते. त्यापेक्षा आत्ता तिने दोन वर्षं एखाद्या चांगल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) किंवा मुलांच्या आयसीयूत काढावीत आणि चाइल्ड हेल्थ नर्सिंगमध्ये एमएस्सीचा विचार करावा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर तिच्या नाशिकातच आहे. ते शिक्षण इथेही कामाचं, तिथेही.

मुलीला या आठवड्यात फेलोशिपच्या डायरेक्टरना मेल लिहू दे. बारा महिन्यांचं वेळापत्रक मागावं, कुठल्या खात्यात किती आठवडे ते. ती शिकाऊ म्हणून जादा माणूस असेल की रिकामी जागा भरणारी, हे सरळ विचारावं, कारण काही ठिकाणी फेलोशिपच्या नावाखाली कमी पगारात रात्रपाळ्या उरकून घेतात. रेसिडेंट डॉक्टरांच्या केस चर्चांना बसता येतं का, एएनसीसी या नर्सिंगच्या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का, आधीचे फेलो आज कुठे काम करतात, संपल्यावर तिथेच राहण्याचा करार आहे का आणि मोडला तर किती भरावे लागतात, हेही विचारावं. एफएनपी म्हणून पुढे त्याच हॉस्पिटलात कुठल्या विभागांत घेतील, एवढं मात्र लेखीच हवं. उत्तर आलं की वेळापत्रकासकट मला पाठवा, महिन्यावार बघून सांगते.