रात्रीच्या प्रवासात बॉनेटवर चिकटलेले किडे रंगाला ओरखडे न पडता कसे काढायचे?

शक्य तितक्या लवकर काढा, हे सगळ्यात महत्त्वाचं. किड्यांच्या अंगातला रस आम्लधर्मी असू शकतो. उन्हात बॉनेट तापलं की तो वाळून रंगावरच्या क्लिअर कोटला, म्हणजे पारदर्शक थराला, खातो, आणि मग किडा निघाला तरी डाग राहतो.

गाडी सावलीत लावा, बॉनेट हाताला गार लागू द्या. कोमट पाण्यात कार शॅम्पू घालून मायक्रोफायबरचं कापड भिजवा आणि ते ओलंगच्च कापड डागांवर पाच-दहा मिनिटं नुसतं पसरून ठेवा. पंख, पाय मऊ पडले की जोर न लावता पुसा, कापडाची घडी बदलत राहा. निघालं नाही तर पुन्हा भिजवा, पण नखाने खरवडू नका. भांड्यांची हिरवी घासणी तर अजिबात नको! तिचे ओरखडे पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत, खोल असतील तर तेवढ्यानेही नाही. नंतर भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करा.

पावसाळ्याच्या तोंडावर दिव्यांभोवती किड्यांचे थवे असतात. तेव्हा रात्री निघायचं असेल तर आधीच बंपर-बॉनेटला वॅक्स लावून ठेवा, किडे सहज सुटतात.