बाकी सगळ्यात हुशार, गणितातच बुडते

"बाकी सगळ्यात चांगला हाय हो मॅडम, गणितातच बुडते. त्याचं डोस्कंच नाही त्या विषयाचं."

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा होता. कापसाची वेचणी ऐन भरात आलेली. अशा दिवसांत दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली ही आई अर्ध्या दिवसाचं काम सोडून मला भेटायला शाळेत आली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून घडी केलेलं प्रगतिपत्रक काढून तिनं टेबलावर उलगडलं. मुलगा नववीत. मराठी, इतिहास, भूगोलात वर्गात पहिल्या पाचांत. बीजगणितात ४० पैकी ७, भूमितीत ११. गणिताची चाचणी असली की सकाळपासून पोट दुखतं, असंही तिनं सांगितलं. मग खरा प्रश्न आला, "शिकवणी लावू तं यवतमाळले धाडा लागते. का मंग हे गणित सोडूनच द्यावं?"

मी शाळाशाळांतून समुपदेशनाचं काम करते. आईवडिलांचा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, शब्द फक्त बदलतात. त्याचं उत्तर मी या एका मुलाच्या निमित्तानं देते. नाव-गाव देत नाही. लिहायला त्याची आणि आईची हरकत नाही, हे विचारून घेतलं आहे.

आधी दोन गोष्टी तपासल्या. पोटदुखीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला लावलं, डोळेही तपासून घेतले. फळ्यावरचं नीट न दिसल्यामुळे 'कच्ची' ठरलेली मुलं मी पाहिली आहेत. दुसरी शंका अध्ययन अक्षमतेची. ४७ मोठे की ७४ हे ज्याला ठरवता येत नाही, नववीतही सुट्टे पैसे मोजता येत नाहीत, घड्याळ वाचता येत नाही, त्या मुलाची तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी व्हायलाच हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशा मुलाला नुसतं 'मन लाव' म्हणणं हा अन्याय आहे. या मुलाचं तसं काही नव्हतं. किराण्याचा हिशेब तो चोख करायचा.

पहिल्या भेटीत तो फारसं बोलला नाही. मान खाली, पण बोटं बाकावर चालू. मी थोडा वेळ नुसती ऐकत राहिले. मग विचारलं, "काय वाजवतोस?"

"खंजिरी."

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी भजन आमच्या भागात गावोगाव पोचलं आहे. हा मुलगा गावच्या भजन मंडळात चौथीपासून बसतो. मी म्हटलं, केरवा ताल किती मात्रांचा? "आठ." दादरा? "सहा." तू दादरा वाजव, मी टाळीनं केरवा धरते, एकदम सुरू करू. आपली सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पुन्हा एकत्र कधी येईल?

त्यानं डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं बाकावर, डाव्या हाताचा अंगठा पेरांवर. "चोवीसवर. माहे चार हून जाते, तुमचे तीन."

सहा आणि आठचा लसावि चोवीस. सहामाहीच्या आधीच्या उजळणी चाचणीत लसाविच्या प्रश्नासमोर त्यानं कोरी जागा सोडली होती. तो पेपर माझ्यासमोरच होता, पण त्याला लगेच दाखवला नाही. घाबरलेल्या मुलाला 'बघ, तुला येतंय की' असं पहिल्याच दिवशी म्हटलं, तर त्याला ते फसवून काढून घेतल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या भेटीत मी त्याच्या दोन वह्या मागवल्या, भूगोलाची आणि गणिताची. दोन्ही उघडून शेजारी-शेजारी ठेवल्या. भूगोलाच्या वहीत होतं: नकाशावर २ सेमी म्हणजे जमिनीवर १० किमी, तर ७ सेमी म्हणजे किती? उत्तर ३५ किमी, बाजूला लाल पेनानं बरोबरची खूण. गणिताच्या वहीत, त्याच महिन्यात: २ : १० = ७ : क्ष, तर क्षची किंमत काढा. खाली पान कोरं.

तो बराच वेळ पाहत राहिला. "हे भूगोलाचं हाय, हे गणिताचं हाय," असं म्हणाला. नंतर बोट ठेवत, हळू आवाजात, "दोन... दहा... सात. इथंबी दोन, दहा, सातच हाय."

या कामात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा क्षण. मुलाला गणित येत होतं, पण ते गणित आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. विषयांच्या भिंती आपण मोठ्यांनी घातल्या: वेगळी वही, वेगळा तास, वेगळे सर. मुलानं त्या खऱ्या मानल्या आणि एका खोलीतली वस्तू दुसऱ्या खोलीत न्यायची नसते असं धरून चालला.

भाषाही यात घोटाळा करते. भूगोलात आपण 'नकाशाप्रमाण' म्हणतो, पण गणिताच्या भाषेत ते गुणोत्तर. गणितात प्रमाण म्हणजे दोन गुणोत्तरं सारखी असणं. विज्ञानात द्रावणातलं मिठाचं प्रमाण, घरी आई म्हणते मीठ प्रमाणात टाक. एकच शब्द मूल चार ठिकाणी चार अर्थांनी ऐकतं आणि हा फरक त्याला कुणीच उलगडून सांगत नाही. मग 'गुणोत्तर व प्रमाण' हे धड्याचं नाव वाचूनच ते थांबतं, यात नवल नाही.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांसोबत बसले. गणिताचे सर आधीच म्हणाले, "मॅडम, गाणी-बजावणी ठीक आहे, पण पोर्शन कोण संपवणार?" त्यांचं म्हणणं मला योग्य वाटलं. एका शिक्षकावर दोन-तीन वर्ग, त्यात शाळाबाह्य कामं. जास्तीचा तास मागायचा नाही हे मी ठरवूनच गेले होते. शिक्षकखोलीत एक कार्डशीट लावलं आणि या महिन्यात कोण काय शिकवणार ते प्रत्येकानं त्यावर लिहिलं, बस. पहिल्याच दिवशी दिसलं की विज्ञानाच्या मॅडम ओहमचा नियम शिकवत होत्या. व्होल्टेज वर, धारा आणि रोध खाली, असा त्रिकोण काढायचा आणि जे हवं त्यावर अंगठा ठेवायचा. मुलांना युक्ती पाठ होती. शेजारच्या वर्गात गणिताचे सर ३क्ष = १२ सोडवून घेत होते. १२ व्होल्ट, ३ अँपिअर, रोध किती, हेही तेच समीकरण. दोघं रोज एका टेबलावर डबा खात होते आणि हे दोघांनाही माहीत नव्हतं. मॅडमनी त्रिकोण ठेवला, पण त्याच्या आधी एकदा समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ३ नं भागून दाखवायला सुरुवात केली. वेळ लागला दोन मिनिटं.

यात नवीन काही नाही. सेवाग्राम आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि गांधीजींच्या नई तालीमची रूपरेषा तिथून पुढे आली. हस्तोद्योगाशी, निसर्गाशी आणि समाजाशी सगळे विषय जोडून शिकवायचे, याला तेव्हापासून 'समवाय' म्हणतात. टकळीवर सूत काततानाच मुलानं तार मोजावे, सरासरी काढावी, कापसाचा भूगोल आणि कापडाच्या व्यापाराचा इतिहास शिकावा, असा तो विचार होता. ज्या मातीत हा विचार रुजला, तिथलीच मुलं आज गणिताला परकं समजतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथं माझी एक चूक सांगायला हवी. सुरुवातीचे तीन आठवडे मी या मुलासोबत ताल, नकाशे, वृत्तं असंच करत राहिले. तो खुलला, पोटदुखी थांबली, तास संपला तरी उठेना. घटक चाचणीत गणितात २० पैकी ३. त्याचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. विषय जोडले होते, पण परतीचा रस्ता मी बांधलाच नव्हता. तालातून लसाविपर्यंत आलो, पण लसावि हा शब्द, त्याची मांडणी, अवयव पाडण्याची रीत वहीत उतरलीच नाही. परीक्षेत केरवा विचारत नाहीत. त्या दिवसापासून एक शिस्त घातली. कुठल्याही विषयातून सुरुवात करू, पण उठायच्या आधी तीच गोष्ट गणिताच्या वहीत, गणिताच्या खुणांत, एका ओळीत लिहायची. आणि त्याच तऱ्हेचं, ताल-नकाशा काही नसलेलं कोरडं उदाहरण एक सोडवायचं.

त्यानंतरची एक दुपार मला अजून डोळ्यांसमोर दिसते. मराठीच्या बाई लघु-गुरू शिकवत होत्या. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मी त्याला विचारलं, चार मात्रांची जागा लघु-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येईल? त्यानं लिहिलं: लघूला ल, गुरूला ग धरून लललल, ललग, लगल, गलल, गग. पाच. तीन मात्रांच्या तीन तऱ्हा. दोनच्या दोन. एकची एक. ओळीनं लिहिलं, १, २, ३, ५. आता पाच मात्रांच्या किती?

"आठ," तो न मोजताच म्हणाला. "मागचे दोन मिळवले का पुढचा येते."

कशावरून, म्हणून मी अडवलं. ओळ दिसणं ही अर्धी गोष्ट, ती का तशी आहे हे सांगता येणं म्हणजे गणित. पंधरा-वीस मिनिटं गेली. मग तो म्हणाला, शेवटी लघु असन तर त्याच्या आधी चार मात्रा भरा लागतात, त्या पाच तऱ्हा. शेवटी गुरू असन तर आधी तीन, त्या तीन. पाच आणि तीन आठ. मी त्याला सांगितलं, छंदशास्त्राचा अभ्यास करताना बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन आचार्यांनी हीच ओळ मांडली होती. युरोपात फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावानं ती प्रसिद्ध आहे, पण त्याचं पुस्तक आलं १२०२ मध्ये, हेमचंद्रांच्या नंतर. "म्हणजे हे मराठीच्या तासातूनच निंघालं?" संस्कृत-प्राकृताच्या, मी म्हटलं. तो हसला. गणिताच्या वहीवर हसलेला मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आता घरचं. आईला मी दोनच गोष्टी सांगितल्या. 'याचं डोस्कंच नाही' हे वाक्य त्याच्यादेखत पुन्हा बोलायचं नाही. आणि तुमचा हिशेब त्याला ऐकू येईल असा मोठ्यानं करा. ती म्हणाली, "म्या काय हिशेब करू, सातवीतच सुटली शाळा." मी विचारलं, किलोला बारा रुपयांनी सत्तेचाळीस किलो वेचलं, तर मजुरी किती? क्षणभर थांबून ती म्हणाली, "दहानं चारशे सत्तर, वरचे दोनचे चौऱ्याण्णव. पाचशे चौसष्ट." मुलगा शेजारीच बसला होता. मी त्याच्याकडे वही सरकवली आणि आईनं काय केलं ते लिहायला सांगितलं. ४७ × (१० + २) = ४७ × १० + ४७ × २. कंस सोडवणं त्याला दोन वर्षं जमत नव्हतं. आई विचारत राहिली, "म्हणजे म्या बरोबर केलं का नाही?"

घरात आबाजी, म्हणजे मुलाचे आजोबा, आहेत. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे पाठ आहेत. औट म्हणजे साडेतीन. 'सात औट साडेचोवीस' ते दारात बसल्याबसल्या म्हणतात. अपूर्णांकांसाठी मी मुलाला त्यांच्याकडेच धाडलं. सातबाराही पाहायला सांगितला. घरी सगळे तीन एकर म्हणतात आणि उताऱ्यावर १.२१ हेक्टर दिसतं, हे कसं? हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर, एवढंच मी दिलं. बाकी त्यानं आणि आबाजींनी मिळून जुळवलं.

शिकवणी लावायची का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं: आधी मुलाच्या सगळ्या वह्या एका जागी घेऊन बसा. ज्या विषयात तो रमतो त्याच्या वहीत गणित शोधा, सापडेलच. शिक्षकांना भेटून तेवढंच दाखवा. त्यानंतरही अडत असेल तर शिकवणी लावा, माझा विरोध नाही. पण भीती जागेवर असताना लावलेली शिकवणी त्या भीतीचाच एक तास वाढवते, असा माझा अनुभव आहे. हा मुलगा यवतमाळला गेला नाही. वार्षिक परीक्षेत बीजगणितात १७, भूमितीत १९. पहिल्या पाचांतले हे गुण नाहीत. भूमितीतल्या सिद्धता अजून अडतात, त्यावर काम चालू आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तो स्वतःहून भेटायला आला. भजन मंडळात कुणीतरी नव्यानं रूपक शिकवला होता, सात मात्रांचा. "मॅडम, रूपक न् केरवा संगं सुरू केले तं छप्पन्नवर भेटतात. दादरा चोवीसवरच भेटते." का बरं एवढं लांब, मी विचारलं. त्यानं बाकावर बोटानं ७ आणि ८ काढले, मध्ये रेघ मारली.

"सहा न् आठमंधी दोन सारखा हाय ना. सात न् आठमंधी सारखं काहीच नाही, म्हणून पूरं चालत जा लागते."