आजकाल आपण पॉलीअनसॅच्युरेटेड तेल नेमकं किती खातो?

रिफाइंड तेलांमुळे पोटात पॉलीअनसॅच्युरेटेड फॅट (बियांच्या तेलांत भरपूर असणारा स्निग्धांशाचा एक प्रकार, पुढे नुसतं पुफा म्हणते) किती जातं आणि आधीच्या पिढीपेक्षा ते फार वाढलंय का, असं तुम्ही विचारलंय. याचा हिशोब घरच्या तेलावरून मांडता येतो.

एक लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर लागत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम पडलं. यापुढे तेल कुठलं ते बघायचं. सूर्यफूल, सोयाबीनमध्ये पुफा साधारण ६० टक्के, म्हणजे रोज २३ ग्रॅम. २००० कॅलरींचा आहार धरला तर त्यातल्या दहा टक्के कॅलरी इथूनच आल्या. शेंगदाणा तेल असेल तर साधारण निम्म्यावर येतं. पामतेल असेल तर जेमतेम चार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) तज्ज्ञांनी पुफासाठी सांगितलेली मर्यादा एकूण कॅलरींच्या ६ ते ११ टक्के आहे. म्हणजे सूर्यफुलाचं घरही मर्यादेत आहे, पण अगदी वरच्या टोकाला. गहू, ज्वारी, दाण्याचं कूट यातलं त्यात धरलेलंच नाही.

बियांच्या तेलांना विष म्हणणारे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतून येतात. तिथे १९०९ ते १९९९ या काळात लिनोलेइक आम्लाचा (पुफाचाच मुख्य प्रकार) वाटा २.८ वरून ७.२ टक्के कॅलरींवर गेला, मुख्यतः सोयाबीन तेलामुळे. भारतात सगळ्यात जास्त खपतं पामतेल. स्वस्त फरसाण, बिस्किटं बहुधा त्यातलीच. त्यामुळे बाहेरच्या खाण्यानं आपल्याकडे पुफापेक्षा सॅच्युरेटेड फॅटच (तूप, पामतेलात जास्त असतं ते) जास्त वाढतं.

आणि महाराष्ट्रात पुफा काही काल-परवा आलेलं नाही! सोलापूर-मराठवाड्याकडे पूर्वापार करडईचं तेल. त्यात पुफा तब्बल ७५ टक्के, सूर्यफुलापेक्षाही जास्त. विदर्भात जवसाचं तेल, तेही पुफानं भरलेलं. पण ते घाण्यावरून थोडं-थोडं यायचं. भाकरीवर लसणाची चटणी आणि वर करडईच्या कच्च्या तेलाची धार, भाजीला पळीभर फोडणी, तळण सणासुदीला. तेल तेच, फरक पडला तो प्रमाणात.

म्हणून मला काळजी वाटते ती एकूण तेलाची. २०२४ च्या नीती आयोगाच्या अहवालात देशाची सरासरी माणशी वर्षाला १९.७ किलो दिलीय, म्हणजे रोज ५४ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सुचवलेल्या दिवसभराच्या ताटात मात्र दिवसाला २७ ग्रॅमच बसतं. बरोब्बर दुप्पट झालं की हो हे! करडईवर शिव्या घालून किंवा महागडं घाण्याचं तेल आणून हा आकडा खाली येत नाही.

तळणीचं तेल मात्र जरूर सांभाळा. जास्त पुफाचं तेल उष्णतेनं लवकर बिघडतं, म्हणून पुऱ्या तळून उरलेलं सूर्यफूल तेल पुन्हा-पुन्हा कढईत घालू नका. तळायला शेंगदाणा बरं. आणि ओमेगा-३ हेही पुफाच, ते सूर्यफूल, करडई, शेंगदाण्यात जवळपास नसतंच. त्यासाठी जवस भाजून, मीठ-लसूण-तिखट घालून कुटून ठेवा आणि रोज चमचा-दोन चमचे चटणी जेवणात घ्या.