तैलरंग शिकायला वास्तववादी चित्राची नक्कल करावी का?

जलरंगाचा हात आहे, तैलरंग कधी हाताळले नाहीत आणि शेत-माणसं असलेल्या एखाद्या जुन्या वास्तववादी चित्राची नक्कल करून सुरुवात करायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. खुशाल करा. नक्कल म्हणजे चोरी असं समजणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. देगाससारखा मोठा फ्रेंच चित्रकारसुद्धा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला करायचा.

मी फ्रेंच चित्रकार मिलेचं, सरवा (कापणीनंतर शेतात उरलेली कणसं) वेचणाऱ्या तीन बायकांचं चित्र सुचवेन (१८५७, सध्या पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात). तिघींचे चेहरे सावलीत आहेत, त्यामुळे नाकडोळ्यांत अडकायला होत नाही. क्षितिज बरंच वर आहे, त्यामुळे वाकलेल्या पाठी आभाळावर नाही, तर कापलेल्या शेतावरच येतात. खरी कसोटी इथेच आहे. नवशिका आधी शेत पूर्ण करतो, मग त्यावर बायका काढतो, आणि त्या कात्रण चिकटवल्यासारख्या दिसतात.

म्हणून रंगांच्या आधी टोन, म्हणजे उजेड-अंधाराची पातळी. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर फासा आणि ओलं असतानाच उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढा. डोळे किलकिले करून मूळ चित्राकडे पाहा: गडद काय, मध्यम काय, उजळ काय, एवढंच. या तपकिरी अवस्थेत माणसं जमिनीवर उभी दिसली नाहीत, तर पुढे कितीही रंग लावा, दिसणार नाहीत. मोबाइलवर दोन्ही चित्रांचे कृष्णधवल फोटो शेजारी ठेवले की चूक लगेच कळते.

मग रंग. टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर (मातकट पिवळा), बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि एक मातकट लाल. सुरुवातीला इतके पुरेत. अल्ट्रामरीन आणि अंबर मिळून सुंदर गडद करडा होतो, काळ्या ट्यूबची गरज पडत नाही. स्क्रीनवरचे रंग प्रत्येक प्रतीत वेगळे दिसतात, तेव्हा छटा तंतोतंत जुळवण्याच्या नादी लागू नका. शेजारच्या रंगापेक्षा हा उबदार की थंड, ते जुळवा.

बाई, तिची सावली आणि पायाखालची जमीन एकाच बैठकीत रंगवा. परकराची खालची कड ओली असताना कोरडा ब्रश हलकेच जमिनीकडे ओढा. कड विरते आणि बाई शेतात रुजते. उजेडातल्या खांद्याची कड मात्र धारदार राहू द्या. लांबच्या गंजी, गाडी आणि घोड्यावरचा मुकादम दोन-चार फिक्या फटकाऱ्यांत आटपा. तिथे बारकावे भरले की अंतरच संपतं.

जलरंगाची एक सवय मोडावी लागेल. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यामुळे खालचे थर टर्पेंटाइनचे, कमी तेलाचे. जवसाचं तेल वरच्या थरांत. उलटं केलं तर खालचा थर मागाहून आकसतो आणि वरचा तडकतो. खिडकी उघडी ठेवा, आणि तेलाची फडकी चोळामोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात.

माप मूळ चित्राएवढं नको. लूव्रमध्येही नकलाकारांना तेवढं करू देत नाहीत. व्हार्निशची घाई नको, सहाएक महिने जाऊ द्या. आणि मागे 'मिलेच्या चित्रावरून' असं लिहून मगच सही करा.